दादालाही मार बसला, मलाही बसला. मग मीच का पितो?

पत्र

ताई,
नाव छापू नका, गावही नको. वय २५. सांगली जिल्ह्यातला आहे, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तिघं मित्र मिळून फ्लॅटवर राहतो. हॉस्टेलला असताना बिअरपासून सुरुवात झाली. आता रोज रात्री क्वार्टर लागते, शनिवारी जास्तच होते. मित्रही घेतात, पण पार्टीपुरती. ते झोपले की मी पुन्हा बाटली काढतो. गेल्या महिन्यात टीम डिनरनंतर फ्लॅटवर कसा पोचलो ते मला अजूनही आठवत नाही. सकाळी ब्रश करताना हात थरथरतो, दुपारपर्यंत कमी होतं. यंदा श्रावण पाळायचं ठरवलं होतं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, अंगाला दरदरून घाम सुटायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली.

आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही. वडील हायस्कूलला शिक्षक, माळकरी, दरवर्षी वारीला जातात. गावात शब्दाला मान आहे. घरात मात्र पट्टा. मार्क कमी पडले, दूध सांडलं, उत्तर द्यायला उशीर झाला, काहीही पुरायचं. सातवीत असताना डिसेंबरात एका रात्री उघड्या अंगाने अंगणात उभं केलं होतं, पहाटेपर्यंत. आई आत दार लावून बसायची. अजूनही फ्लॅटखाली कुणाची स्प्लेंडर येऊन थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री घेतली की छाती मोकळी होते, झोप लागते.

दादालाही मार बसायचा, पण तो सुपारीसुद्धा खात नाही. तो पाचवीपर्यंत आजोळी होता. वडील म्हणतात, ‘मारलं म्हणून इंजिनिअर झालास.’ कधी कधी मलाही ते पटतं. मग मी लहानपणाचं निमित्त करून पितोय का? दिवाळीत बॅगेत बाटली सापडल्यापासून आई रडते. बहिणीने सांगितलं, आईने कुणाकडून तरी चहातून न कळत द्यायची पुडी आणली आहे. त्यात आता स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. मी दारुडा झालोय का? वडिलांना एकदा जाब विचारू का? आणि मुलीला सांगायचं की नाही?

उत्तर

मित्रा,

तुझ्या पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट तू जाता जाता लिहून गेला आहेस. सकाळी ब्रश करताना हात थरथरतो, ही ती गोष्ट. वडील, लग्न, निमित्त, या सगळ्यावर आपण बोलूच. पण आधी या हाताचं बघू, कारण बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, याला थांबायला वेळ नाही.

तुझा हिशेब मांडू या. क्वार्टर म्हणजे १८० मिलि. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. वजनात ते ६० ग्रॅमच्या घरात जातं. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं, की जागतिक आरोग्य संघटना ते अतिमद्यपान धरते, महिन्यातून एकदा झालं तरी. तुझं ते रोज होतंय. मित्र झोपल्यावर एकट्याने पिणं, रात्रीचा एक तुकडाच आठवणीतून गायब होणं, सकाळची थरथर आणि ठरवूनही न थांबता येणं, हे सगळं एकत्र ठेवलं तर मला वाटतं तुझ्या शरीराला दारूची सवय लागून ती आता गरज बनली आहे. नक्की निदान डॉक्टरच करतील. ते तुला दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी भरायला देतील. शून्य ते ४० गुण असतात. ८ पासून पुढे काळजी सुरू होते, २० किंवा त्याहून जास्त आले तर दारूवर अवलंबित्व असण्याची दाट शक्यता धरतात. प्रश्न साधे आहेत, खरी उत्तरं दे.

दारुडा हा शब्द मात्र मी वापरणार नाही. गावात तो गटारात पडलेल्या माणसासाठी वापरतात, आणि ‘मी अजून तसा नाही’ म्हणत कितीतरी शिकलेली, नोकरीवाली मुलं दहा-दहा वर्षं डॉक्टरकडे जायचं टाळतात. तुला आजार आहे, तो बरा होण्यासारखा आहे आणि तुझं वय २५ आहे. यापेक्षा लवकर फार कमी लोक विचारायला येतात.

आता नीट वाच. उद्यापासून एकदम, एकट्याने, फ्लॅटवर बंद करू नकोस.

मीच असं सांगतेय याचं तुला नवल वाटेल. कारण असं आहे. दारू मेंदूला शांत करते. रोज इतकी दारू यायला लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. दोन माणसं दोन्ही बाजूंनी दार ढकलत असावीत आणि एकाने अचानक हात काढून घ्यावा, तसं दारू थांबल्यावर होतं. दुसऱ्याचा सगळा जोर एकदम बाहेर येतो. काही तासांत थरथर, घाम, धडधड, झोप उडणं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास होतात, ते कुठे आहेत हे कळेनासं होतं, ताप चढतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. प्रत्येकाला हे होत नाही, पण कुणाला होईल ते फ्लॅटवर बसून ठरवता येत नाही. श्रावणात तुझ्या दोन रात्री जशा गेल्या, ती याचीच सुरुवात होती. तुझा निश्चय कच्चा होता म्हणून तू तिसऱ्या दिवशी प्यायलास, असं गेले कित्येक दिवस स्वतःला ऐकवत असशील तर ते थांबव. शरीर त्रासात होतं आणि तुझ्याजवळ औषध नव्हतं.

डॉक्टरकडे ते औषध असतं. काही दिवस गोळ्या देऊन ती हळूहळू कमी करत नेतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. त्रास जास्त असेल तर दाखल करतात. हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे. तू पुण्यात आहेस, म्हणजे सोय हाताशी आहे. ससूनचा मानसोपचार विभाग आहे, ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात तुझ्यासारखी नोकरी करणारी कितीतरी मुलं येऊन गेली आहेत. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा राष्ट्रीय क्रमांक आहे. कंपनीत कळेल ही भीती असेल तर हेही सांगते की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुझ्या उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे.

जाईपर्यंत गाडी चालवू नकोस, दारूवर झोपेच्या गोळ्या घेऊ नकोस. मित्रांपैकी जो जास्त समजूतदार असेल त्या एकाला खरं सांग आणि पहिल्या दिवशी सोबत ने. मनात जीव द्यायचे विचार येत असतील, पत्रात तू लिहिलं नाहीस पण येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

पुडीचं आजच बघ. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पाट्या एसटीच्या मागे आणि भिंतींवर वर्षानुवर्षं दिसतात, आणि हतबल झालेल्या आया-बायका त्यावर विश्वास ठेवतात. त्या पुड्यांत काय असतं हे देणाराही धड सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच ते द्यायचं असतं. चहातून चोरून दिलं आणि तू रात्री क्वार्टर घेतलीस तर तो खेळ जिवावरचा आहे. आईला फोन कर आणि एवढंच म्हण, ‘पुडी टाकून दे, मी डॉक्टरकडे जातोय.’ बहिणीला कळलंच आहे, तिची मदत घे.

आता तुझा खरा प्रश्न. दादालाही मार बसला, मलाही बसला. मग मीच का? मी निमित्त करतोय का?

नाही, मित्रा. तू निमित्त करत नाहीस.

अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणा कमी करण्याचं क्लिनिक चालवायचे. छान वजन उतरत असलेले लोक मधूनच उपचार सोडून जात होते. का, म्हणून त्यांनी एकेकाला बोलतं केलं तेव्हा बालपणीच्या अत्याचारांच्या गोष्टी बाहेर यायला लागल्या. मग डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी हजारो प्रौढांना विचारलं की लहानपणी घरात मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन यांतलं काय काय भोगलं. अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी असे चार किंवा अधिक प्रकार सोसले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न सोसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट होता. त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि हा धागा पुन्हा पुन्हा सापडत गेला. नुसता मारच नाही, सतत टाकून बोलणं आणि दुर्लक्ष यांचाही.

आणि मार हा काही अमेरिकेचा विषय नाही. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचं आढळलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलांना मारणारे हात आईवडिलांचेच होते.

मग तू म्हणशील, एवढ्या मुलांना मार बसतो तर देशातली दोन तृतीयांश मुलं दारू का पीत नाहीत? बरोबर आहे. धोका वाढतो म्हणजे ते प्रत्येकाच्या कपाळी लिहिलंय असं नाही. अँडा यांनी स्वतःच पुढे बजावलं की किती प्रकार सोसले याची ही मोजणी समाजाचा अंदाज घेण्यासाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नाही. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, आणि एका आईच्या पोटची दोन मुलंही तो सारखा घेऊन येत नाहीत. तुमच्या घरात कुणी पीत नाही म्हणून तो धोका रक्तात नाही असंही नाही. जो कधी प्यायलाच नाही त्याच्यात तो कळणार कसा?

पण मला तुझ्या पत्रातलं एक छोटं वाक्य जास्त बोलकं वाटलं. दादा पाचवीपर्यंत आजोळी होता. म्हणजे ज्या वयात भीती अंगात मुरते त्या वयात तो आजीच्या पदराखाली होता. रात्री दचकून उठला तर कुणीतरी जवळ घेत असेल. मार खाल्लेल्या मुलांपैकी कोण सावरतं, हे जगभर तपासलं गेलंय, आणि एक गोष्ट हमखास पुढे येते. निदान एक मोठं माणूस त्याच्या बाजूचं होतं का? दादाला ते मिळालं. तुझ्या वाट्याला बंद दार आलं. शिवाय दादा पीत नाही म्हणजे त्याला काहीच झालं नाही असं धरू नकोस. काही जण पीत नाहीत, पण कामात स्वतःला गाडून घेतात किंवा बायकोमुलांसमोर एकदम भडकतात. त्याच्याशी कधी मोकळं बोललास तर कदाचित तोही काही सांगेल.

तू का पितोस ते तूच लिहिलं आहेस. छाती मोकळी होते, झोप लागते. माणसं मजेसाठी पितात, सोबतीसाठी पितात, चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून पितात, आणि काही आतलं दाबण्यासाठी पितात. या शेवटच्या लोकांचं पिणं सगळ्यांत लवकर हाताबाहेर जातं. तुझे मित्र पार्टी संपली की झोपतात, कारण त्यांचं काम झालेलं असतं. तुझं काम तेव्हा सुरू होतं.

आणि दारू ते काम धड करत नाही, हे तुला पहाटे कळत असेल. झोप लवकर लागते खरी, पण दारू उतरायला लागली की रात्रीच्या दुसऱ्या भागात झोपेचे तुकडे पडतात. तीन-साडेतीनला जाग येते, छाती धडधडत असते, तोंडाला कोरड, आणि मनात नेमकं ते सगळं जे विसरायला बाटली काढली होती. दुसऱ्या दिवशी अंग आधीच ताणलेलं असतं. खाली स्प्लेंडर थांबते. एरवी पोटात एक गोळा आला असता, आज दोन येतात. मग रात्री क्वार्टर कमी पडते. पुण्यात स्प्लेंडर किती आहेत तुला माहीतच आहे. त्या आवाजाला तुझं शरीर आजही ‘वडील आले’ असंच ऐकतं. तेरा वर्षांच्या मुलाने जगण्यासाठी शिकून घेतलेली ती सावधगिरी आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत.

म्हणून माझं तुला एकच आग्रहाचं सांगणं आहे की दोन्हींवर एकत्र उपचार घे. पूर्वी असं म्हणत की आधी दारू सोड, वर्षभर कोरडा राहा, मग बालपणाचं बघू. नुसती बाटली काढून घेतली आणि रात्रीची धडधड तशीच ठेवली तर माणूस किती दिवस टिकेल? उलट काही जण वर्षानुवर्षं बालपणावर बोलत राहतात आणि रात्री पीतच असतात, त्यानेही काही होत नाही. आता दोन्ही हातात हात घालून करतात, फक्त क्रम सांभाळून. पहिले आठवडे शरीराचे. थरथर, झोप, जेवण, ओढ कमी करणाऱ्या गोळ्या. नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, तुला कोणतं चालेल ते डॉक्टर यकृताच्या तपासण्या बघून ठरवतील. मग ओढ आली की काय करायचं, आवाज ऐकून अंग ताठरलं की स्वतःला कसं सावरायचं, हे समुपदेशक शिकवतात. हे जमायला लागल्यावर अंगणातली ती रात्र उघडायची, प्रशिक्षित माणसासमोर, तुला झेपेल त्या वेगाने. दारू सोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणी ‘सांग, सांग, सगळं मोकळं कर’ म्हणायला लागलं तर ‘अजून नाही’ म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

अडचण अशी होते की डॉक्टर विचारतात ‘किती घेता, किती वर्षं’, रुग्ण आकडे सांगतो आणि भेट संपते. मार कुणी विचारत नाही, रुग्णही सांगत नाही. त्यातून तुझ्यासारख्याचं अजून अवघड. वडील पिऊन मारणारे असते तर गाव निदान हळहळलं असतं. पण गळ्यात माळ, शाळेत मास्तर, वारीची वाट चालणारा माणूस घरी असं करतो, हे सांगितलं तर उलट तुझ्याकडेच संशयाने बघतील, हे तुला लहानपणीच कळलं असणार. त्यामुळे तू गप्प राहायला शिकलास. डॉक्टरसमोर तोंड उघडणार नाही असं वाटत असेल तर कागदावर लिहून ने: ‘मी रोज क्वार्टर घेतो. सकाळी हात थरथरतात. लहानपणी मला घरी खूप मारलंय. मला दोन्हीचे उपचार हवेत.’ कागद पुढे सरकव. बोलायची गरज नाही. एखाद्या डॉक्टरने ‘आमच्या वेळी सगळ्यांनाच मार बसायचा’ म्हणून उडवून लावलं तर डॉक्टर बदल, उपचार सोडू नकोस.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळत असल्याचं दिसलं. मला हा आकडा फार खुपतो. तू त्या एकात मोडावंस.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांनाही जाऊन ये. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे एकमेकांना आधार देतात. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, मराठीत सभा होतात. काहींना त्यातलं देवाचं बोलणं रुचत नाही, आणि घरी देवाच्या नावाखाली जे बघितलंस त्यानंतर तुलाही खटकू शकतं. तरी दोन-तीन वेगवेगळ्या गटांना बसून बघ. संध्याकाळी सात ते नऊ कुठे जायचं, या प्रश्नाला ते एक उत्तर आहे. आणि मध्येच कधी घसरलास, प्यायलास, तर सगळं संपलं असं समजून महिनाभर पीत बसू नकोस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन कर. घसरणं या आजारात होतं, त्याची लाज उपचारांच्या आड येऊ देऊ नकोस.

वडिलांचं. ‘मारलं म्हणून इंजिनिअर झालास’ हे वाक्य तुला आतून पोखरतंय, कारण तुला त्यातलं थोडं खरं वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. तू अभ्यासात हुशार होतास, म्हणून मार खाऊनही इंजिनिअर झालास. थंडीत उघड्या अंगाने पहाटेपर्यंत उभं राहून कुणाला गणित येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा द्यायला बंदी केली. तुझे वडील शिक्षक आहेत, हा नियम त्यांना माहीत असणार. जे परक्याच्या मुलाला करायला कायद्याने मनाई आहे ते घरातल्या मुलाला करणं चुकीचं होतं, छळ होता, आणि त्यात तुझा काहीही दोष नव्हता. हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहितेय, कारण तुला ते बहुधा कुणीच म्हटलेलं नाही.

पण जाब आत्ता विचारू नकोस. पिऊन तर मुळीच नको. तू प्यायलेला असताना बोललास की सगळी चर्चा तुझ्या दारूवर जाईल आणि तुझं खरं बोलणं ‘नशेतली बडबड’ म्हणून बाजूला पडेल. पुढे कधी बोलशीलच तर आधी स्वतःला विचार, त्यांनी ‘मी चुकलो’ म्हटलं नाही तर मला काय होईल? त्यांच्या पिढीतले, त्यांच्यासारखे मान असलेले वडील ते म्हणतीलच असं नाही. ‘तेव्हा मला फार दुखलं, मला ते चुकीचं वाटतं’ एवढं त्यांच्यासमोर म्हणता आलं तरी पुरेसं वाटेल, अशी तुझी तयारी झाली की बोल. नाही बोललास तरी चालेल. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही असं तुला कुणी सांगेल, कीर्तनाचे दाखले देईल, घरची माणसं तर हमखास सांगतील. तसं काही नाही. माफीचं तुझं तू ठरव, किंवा ठरवूच नकोस. तोवर घरी जाणं कमी करावंसं वाटलं, सण एका दिवसात उरकून परतावंसं वाटलं, तर अपराधी वाटून घेऊ नकोस.

आईवरही तुझा राग असेल. दार लावून बसणारी आई मुलाला दिसते तेव्हा ती मारणाऱ्यापेक्षाही जास्त खुपते. ती स्वतः किती घाबरलेली होती हे तुला आज समजू शकतं, आणि तरीही तिने दार उघडायला हवं होतं असं वाटू शकतं. दोन्ही खरं आहे. तिच्याशी बोलायला वडिलांपेक्षा सोपं जाईल, असा माझा अंदाज आहे. पुडी आणण्याइतकी ती तुझ्यासाठी धडपडतेय, तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावलं की तिला बोलव. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी वेगळे गट असतात, तिथे तिचंही कुणी ऐकून घेईल.

राहता राहिलं लग्न. स्थळं आत्ता थांबव. ‘लग्न झालं की ताळ्यावर येईल’ हे गावोगाव म्हटलं जातं आणि त्यापायी एका परक्या मुलीला न विचारता नर्स केलं जातं. घरी कारण द्यायचं तर ‘तब्येतीचे उपचार चालू आहेत, निदान वर्षभर कुणाला शब्द देऊ नका’ एवढं सांग, आणि आईबहिणीला ते लावून धरायला लाव. वर्षभर दारू बंद राहिली, झोप परतली, तुला तुझी चाल कळायला लागली, की मग बघ. तेव्हा ज्या मुलीशी बोलणं पुढे जाईल तिला होकाराआधी सांग. पहिल्या भेटीत कांदेपोहे समोर असताना नव्हे, तुम्ही दोघंच एक-दोनदा भेटल्यावर. किती प्यायचास, कधीपासून बंद आहे, कुणाचे उपचार चालू आहेत, आणि लहानपणी घरी काय झालं ते. सगळे तपशील द्यायची गरज नाही, पण तिला नंतर कळून फसवल्यासारखं वाटेल असं काही मागे ठेवू नकोस. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. ती हो म्हणाली आणि तिला काही विचारायचं असेल, तर तुझ्या डॉक्टरांच्या एका भेटीला तिला सोबत घेऊन जा.